दोनवारवर थांबलेला लिलाव

परवा सुपरमार्केटात एक बाई बेझिलच्या कुंडीत नाक खुपसून उभी होती, आणि माझ्या तोंडून "अहो, नाक नका लावू" असं चक्क मराठीत निघून गेलं. बाई दचकली. मी सॉरी म्हटलं आणि उगाचच शेजारचे कांदे निवडायला लागले. जून आला की माझं दरवर्षी असं काहीतरी होतं. नवरा म्हणतो, तुला इथला तो परागकणांचा हे-फीव्हर झालाय. झाला असेल बापडा.

पण रोपाला नाक लावायचं नसतं, हे खरंच आहे. त्याच्यावर अलगद तळवा ठेवायचा, आणि मग आपला हात हुंगायचा. सरळ नाक लावलं की रोप सुकतं म्हणतात. देवाला वाहायचं फूल आपण हुंगत नाही, तसलंच काहीतरी. मला हे फातिमाबाईंनी शिकवलं. आणि शिकवलं तेही नेमकं त्या जूनमध्ये, जेव्हा माझा पासपोर्ट क्रॉयडनला अडकला होता आणि तिकडे बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

दोन हजार नंतरची ती सुरुवातीची वर्षं. आम्ही लंडनच्या दक्षिणेला, नॉरबरीला, एका घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. खाली घरमालकीण, फातिमाबाई. नवऱ्याचं प्रोजेक्ट बेसिंगस्टोकला, तो सोमवारी पहाटे जायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी यायचा, मळलेल्या शर्टांची बॅग घेऊन. मधले दिवस मी, ती खोली आणि त्या खोलीची खिडकी. खिडकीला कोणीतरी कधीकाळी रंगाचे इतके हात मारले होते, की ती चौकटीला चिकटूनच बसली होती. उघडायची नाही. बाहेर सगळं लंडन उन्हाला आलेलं, लोक गवतावर लोळतायत, आणि मी काचेच्या आत. उन्हाळा असून हवा नाही. रेवदंड्याच्या माणसाला हवा नसली की जीव नकोसा होतो, तिथे दारं लोटून ठेवायची वेळ येते वाऱ्यामुळे.

बाबा रेवदंड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचे. ना त्यांची होडी, ना जाळं. त्यांच्याकडे होता फक्त आवाज. होड्या लागल्या, पाट्या वाळूवर उतरल्या, की बाबा मधोमध उभे राहायचे आणि तो आवाज सोडायचे. आमच्या गावातून फिरंग्यांच्या जुन्या किल्ल्याची भिंत गेलीय, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून, कुणाच्या गोठ्यामागून, कुणाच्या विहिरीशेजारून. त्या भिंतीवर बाबांचा आवाज आपटून परत यायचा, आणि आई घरात बसून सांगायची, आज पापलेट चढं गेलं. शब्द कळायचे नाहीत तिला एवढ्या लांबून, नुसत्या सुरावरून कळायचं. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की बंदर मुकं व्हायचं आणि बाबांचा आवाजही सुट्टीवर जायचा. मग नारळी पौर्णिमेला पुन्हा. त्या वर्षी हिवाळ्यात त्यांचा आवाज बसला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, ओरडून ओरडून बसला असेल. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला. शेवटी अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज जाईल. जुलैच्या सुरुवातीची तारीख दिली.

मला एवढंच हवं होतं, की तो आवाज जायच्या आधी एकदा जाऊन बाबांच्या समोर बसावं आणि ऐकावा. बाकी काही नाही. काय बोलतील ते बोलोत. रागावले असते तरी चाललं असतं.

आणि जाता येत नव्हतं. आमच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन क्रॉयडनच्या ऑफिसात पडलेलं, त्याला दोघांचे पासपोर्ट लावलेले. माझा परत मागितला तर अर्ज मागे घेतल्यासारखं होईल, आणि मी नवऱ्याच्या व्हिसावरची डिपेंडंट असले तरी दोघांचा अर्ज एकच, मग नवऱ्याचं कामही गेलं, असं कंपनीच्या सॉलिसिटरने समजावून सांगितलं. भला माणूस होता, पण असं गोड बोलायचा की मला त्याचं डोकं फोडावंसं वाटायचं. नवरा म्हणाला, तू म्हणत असशील तर मागे घेऊ, जाऊ परत. त्याने मनापासून म्हटलं. पण बाबांना फोनवर ते कळलं तेव्हा ते त्या फाटक्या आवाजात म्हणाले की असलं काही करून आलीस तर दार उघडणार नाही. त्यांचं म्हणणं, मी काय मरतोय का, नुसता गप्प होतोय. तुझी आई इतकी वर्षं देवाकडे हेच मागत होती.

इकडे आड, तिकडे विहीर. मी दुपारी ट्रेनने उगाचच ईस्ट क्रॉयडनला जायची आणि त्या उंच ऑफिसच्या समोरच्या फुटपाथवर उभी राहायची. खिडक्याच खिडक्या. यातल्या कुठल्या मजल्यावर, कुठल्या ढिगात माझा फोटो चिकटवलेला तो निळा पासपोर्ट पडलाय, असा विचार करायची. आतले लोक काही वाईट नसणार, त्यांच्यापुढे ढीग असणार. पण बाहेर उभं राहणाऱ्याला ढीग दिसत नाही ना, दार दिसतं. मग परतीची ट्रेन.

आता फातिमाबाई. नाव ऐकून मी त्यांना मुसलमान समजले होते, आणि पहिल्याच रमझानला खजुराचा डबा घेऊन खाली गेले होते. बाईंनी डबा घेतला, एक खजूर तोंडात टाकला आणि दाराशेजारच्या भिंतीवर बोट ठेवलं. तिथे निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशीवर एक साधू होता, कडेवर बाळ घेतलेला. तो त्यांचा संत आंतोनियो. त्या पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या, आणि फातिमा हे त्यांच्याकडच्या एका तीर्थाच्या गावाचं नाव, तिथल्या माऊलीच्या नावाने मुलींची नावं ठेवतात. म्हणजे आपल्याकडे तुळजा ठेवतात तसंच. मी इतकी खजील झाले, की बाईंना माझी दया आली आणि त्यांनी मला आत ओढून सूप पाजलं. तेव्हापासून खजूर त्यांना आवडतात, म्हणून दरवर्षी रमझानला मी खजूर नेऊन द्यायची. चूक एकदा झाली, मग तिची रीतच पडली.

बाई विधवा, जाडजूड, आवाजाने मोठ्या, आणि सगळ्यांना हुकूम सोडणाऱ्या. मला "मेनिना" म्हणायच्या, म्हणजे पोरी. त्यांचं इंग्रजी माझ्याहून कच्चं होतं, आणि माझं इंग्रजी त्या वेळी काय वर्णावं. त्यामुळे आम्ही वस्तू दाखवून बोलायचो. त्या सूपसाठी कोबी चिरत होत्या, मी म्हटलं, कोबी. त्या म्हणाल्या, कोव्ह. मी बटाटा उचलला, बटाटा. त्यांनी सुरी खाली ठेवली. बाताता! पावाला पांव. बादलीला बाल्द. घमेलं मी हातवारे करून सांगितलं, तर त्यांच्या आईची लाकडी गामेला निघाली. चावीला शाव्ह. बाईंना वाटलं मी हे सगळं त्यांच्याकडून चोरून शिकतेय. शेवटी मी सांगितलं, की तुमचे लोक आमच्या गावात राहून गेले. किल्ला बांधला, देवळं बांधली, आमच्याकडे अजून एक उंच मनोरा उभा आहे, त्याला आम्ही सातखणी म्हणतो. तुमच्या भिंतींना टेकून आमची पोरं पतंग उडवतात. खाडीपलीकडच्या कोर्लईत तर ख्रिस्ती लोक घरात तुमच्यासारखंच काहीतरी बोलतात. बाई म्हणाल्या की आमचे लोक कुठेही जायचे, आणि मग घराच्या आठवणीने रडायचे. घरीच राहिले असते तर काय झालं असतं?

मी हसले. बाई स्वतः तीस वर्षं गावी परत गेल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी, म्हणायच्या. नवऱ्याला इथल्याच मातीत पुरलं होतं, त्याला एकट्याला टाकून कशी जाऊ, हेही म्हणायच्या. ज्याची त्याची खिडकी रंगाने चिकटलेली असते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबांच्या ऑपरेशनची तारीख कळली, तेव्हा मी खाली जाऊन त्यांच्या टेबलाशी बसले. काय झालं विचारलं, तर इंग्रजी काही सुचेना. प्रिझन हा साधा शब्द आठवेना. मी त्या खोलीकडे वर बोट दाखवलं आणि म्हटलं, तुरुंग. तुरुंग झालाय.

बाई म्हणाल्या, "त्रोंकु?" आणि खिडकीतून मागच्या अंगणातल्या चेरीच्या झाडाकडे बघायला लागल्या. त्यांच्या भाषेत त्रोंकु म्हणजे झाडाचं खोड. पूर्वी कैद्यांचे पाय खोडात भोकं पाडून अडकवत, तेही त्रोंकु, असं त्यांचे आजोबा सांगायचे म्हणे. मी त्या झाडाकडे बघत राहिले. कितीतरी वर्षांपूर्वी त्या लोकांनी कुणाचा तरी पाय लाकडात अडकवला असणार, आमच्याच किनाऱ्यावर, आणि तो शब्द आमच्याकडे सोडून गेले. चावीही त्यांचीच, तुरुंगही त्यांचाच. मला एकदम रडू आलं. बाईंनी मला उगी केलं नाही, रडू दिलं, आणि मग बाबांविषयी सगळं विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ती कुंडी दिली. मुठीएवढी मातीची कुंडी, त्यात बारीक पानांचं गोल गरगरीत रोप, आणि त्यात खोचलेलं कागदाचं लाल फूल. मांजेरिकू, म्हणाल्या. मला ऐकू आलं मंजिरी. जूनमध्ये त्यांच्या संतांचे सण असतात, संत आंतोनियोचा, मग संत जुआंवचा, तेव्हा हे रोप एकमेकांना देतात. मी तुळशीचीच जात म्हणून कौतुकाने नाक लावलं, आणि बाई किंचाळल्याच. मग तो हाताचा धडा. मी तळवा ठेवला, हात हुंगला. तुळस नव्हे, सब्जाही नव्हे, पण दोघांच्या नात्यातलं काहीतरी. मी ती कुंडी खिडकीत ठेवली आणि रोज सकाळी आंघोळ करून तिला पाणी घालायला लागले. एकदा हात जोडले तेव्हा बाईंनी दारातून पाहिलं. त्यांना ते बरं वाटलं असावं.

महिनाअखेरच्या रविवारी त्यांनी मला सणाला नेलं. स्टॉकवेलजवळच्या एका चर्चचा हॉल, बाहेर अंगणात निखाऱ्यांवर सार्डिन भाजत होते. तो वास आला मात्र, आणि मी जागच्या जागी उभीच राहिले. आमच्याकडे तारली भाजतात तस्साच. लंडनमध्ये भाजलेल्या मासळीचा धूर, आणि त्या धुरात म्हातारे लोक पत्ते खेळतायत, पोरं प्लॅस्टिकच्या हातोड्यांनी एकमेकांच्या डोक्यावर मारतायत. संत जुआंवच्या दिवशी कुणीही कुणाच्या डोक्यात हातोडा घालावा, राग मानायचा नाही. एका आजोबांनी माझ्याही डोक्यात घातला. मी कितीतरी दिवसांनी हसले, आणि लगेच वाईट वाटलं की हसले.

मग हॉलमध्ये एक माणूस माइकवर उभा राहिला आणि म्हणाला, लैलांव. लोकांनी घरून देवासाठी आणलेल्या वस्तू, केक, कोंबडी, हाताने विणलेला रुमाल, एक भलामोठा भोपळा, सगळं टेबलावर मांडलेलं, आणि तो माणूस एकेक वस्तू उंच धरून पुकारायला लागला. त्याचा हात वर, मान तिरकी, आवाज वाढत वाढत जातो आणि मग एकदम खाली येतो. शब्द एक कळत नव्हता. पण आईसारखं मलाही सुरावरून कळलं की भोपळा चढा गेला.

मी फातिमाबाईंना म्हटलं, हे माझे बाबा करतात. याला आमच्याकडे लिलाव म्हणतात. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पर्समध्ये फोनकार्ड होतं, मोबाईल होता, आणि रेवदंड्याला तेव्हा संध्याकाळ झालेली असणार.

"लाव फोन," बाई म्हणाल्या.

मी नको नको म्हणत होते. बाबांना बोलायला डॉक्टरांनी मनाई केली होती. पण बाई पुढे जाऊन त्या पुकारणाऱ्याशी काय बोलल्या कोण जाणे, त्याने माइक खाली केला आणि सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी नंबर फिरवला, बाबांनी फोन उचलला. मी भराभर सांगितलं की इथे फिरंग्यांच्या देवळात लिलाव चाललाय, त्यांना तुम्ही पुकारून हवंय, पण तुम्ही नका बोलू, घसा दुखेल, मी सांगते त्यांना.

"अगो बाय," बाबा म्हणाले, "उरवून कुठं नेऊ? माल काय हाय ते सांग."

मी म्हटलं, एक रोप आहे. बाईंनी तोवर टेबलावरची एक मांजेरिकूची कुंडी उचलून उंच धरली होती. फोन माइकला लावला, आणि बाबांचा आवाज त्या हॉलमध्ये आला. फुटलेला, खरखरीत, मधेच विरणारा. पण सूर तोच. भिंतीवर आपटून परत येणारा. त्यांनी त्या रोपाचं असं वर्णन केलं, जसं काही आत्ताच जाळ्यातून निघालंय, तडफडतंय, डोळे बघा, कल्ले बघा लालबुंद. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. लोकांना एक अक्षर कळलं नाही. पण कुणीतरी हात वर केला. मी बोली सांगितली, बाबांनी ती उचलली. दुसरा हात. तिसरा. हातोडावाले आजोबा उभे राहून ओरडत होते. बाबांनी बोली वर वर नेली, आणि मग तो आवाज खाली आणला, ज्याच्यासाठी सगळं बंदर गप्प व्हायचं.

"एकवार."

फातिमाबाईंनी कुंडी आणखी उंच धरली.

"दोनवार."

आणि बाबा थांबले. मी वाट बघितली. मला वाटलं घसा गेला. माइकमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. फातिमाबाई कुंडी धरून तशाच उभ्या.

"तीनवार नाय बोलत," बाबा हळू म्हणाले, आता फक्त माझ्याशी. "तीन बोललं की माल गेला. माझी पोर हिथं येऊन उभी राहील तवा बोलेन."

सगळे विचारायला लागले, काय म्हणाले, काय म्हणाले. कसंबसं मी बाईंना सांगितलं. बाईंनी ते सगळ्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. शेवटची बोली लावणारी जी बाई होती, तिने आपला हात खाली घेतला. विकलं गेलेलं नाही, असं ठरलं. तीन होईपर्यंत रोप माझ्याकडे राहणार.

जुलैमध्ये ऑपरेशन झालं. आईने फोनवर सांगितलं, बरे आहेत. मागे नुसतं खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. तो बाबांचा आवाज नव्हता, हवा होती.

खिडकीत आता दोन कुंड्या होत्या, आणि ती खिडकी अजून चिकटलेलीच. एका शनिवारी नवऱ्याने सुरी घेऊन कडेचा रंग खरवडायला सुरुवात केली. बोटं सोलून घेतली, पण खिडकी चार बोटं उघडली. त्या चार बोटांतून जी हवा आली तिच्यात मी तोंड धरून बसले, कुत्रं गाडीच्या खिडकीत बसतं तशी. मांजेरिकू हे एका हंगामाचं रोप, जुलै सरला की पिवळं पडायला लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घाबरून बाईंकडे धावले. बाई म्हणाल्या, मेनिना, ते मरणारच आहे. तू तुझा हात ठेवत जा.

पासपोर्ट श्रावणात आला. नवऱ्याने त्याच दुपारी तिकीट काढलं. निघायच्या सकाळी बाई टॅक्सीपर्यंत ती लिलावातली कुंडी घेऊन आल्या, उरलीसुरली पानं होती तिच्यावर. विमानात रोप नेता येत नाही. मी तळवा ठेवला, दाबून ठेवला, आणि मूठ मिटून टॅक्सीत बसले. येड्यासारखी हीथ्रोपर्यंत मूठ उघडली नाही. मग सिक्युरिटी आली, जेवणाचा ट्रे आला, विमानातला तो गुलाबी साबण आला. मुंबईला उतरून हुंगलं तर हाताला नुसता साबणाचा वास.

एसटी रेवदंड्याच्या वेशीतून आत शिरली, फिरंग्यांच्या त्या जाड भिंतीला जवळजवळ घासून. पाऊस लागलेला. बाबा स्टँडवर छत्री घेऊन उभे होते. वाळलेले, गळ्याला पांढरं फडकं. मी खाली उतरले आणि तो हातच पुढे केला. आणि मग आठवलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून, नाकाने नाही, म्हणजे वासही येणार नाही. हाताला वास नाही, आणि नाकाला ओळख नाही. बाप-लेक दोघं सारखेच झालो.

बाबांनी माझा हात धरला. छत्री काखेत मारली, पाऊस आमच्या दोघांवर पडू दिला, आणि दुसरा हात वर केला, बंदरावर करायचे तसा, मान तिरकी करून. तीन बोटं.

स्टँडवरचे लोक बघत होते. मी तोंड उघडलं. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मला माहीत नव्हतं. तो भिंतीवर आपटून परत आला.

"तीनवार!"